विनोद बघताना गप्प बसलेल्या माणसाकडे बघा

मी बारा वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. विंगेतलं स्टूल, मांडीवर संहिता, कागद गुंडाळून मंद केलेला दिवा. प्रॉम्प्टरला नाटक कधीच पूर्ण दिसत नाही. ज्यांची तोंडं आपल्या विंगेकडे असतील तेवढी माणसं दिसतात, बाकीच्यांच्या पाठी. आमच्या एका फार्समध्ये नायकाची टाळीची वाक्यं नेमकी माझ्याकडे पाठ करून यायची. मला दिसायचा समोरचा मुनीम, ज्याला अख्ख्या अंकात चार वाक्यं. नायक बोलायचा, मुनीम ऐकायचा. ऐकता ऐकता चष्मा काढायचा, पुसायचा, परत लावायचा आणि नायकाकडे असा बघायचा, की काच स्वच्छ केल्यावर तरी हा माणूस जरा बरा दिसेल! हशा तिथे यायचा.

एका प्रयोगाला हा मुनीम तापाने आडवा झाला. ऐनवेळी दुसऱ्याला उभं केलं. त्याने चारही वाक्यं पाठ केली, चोख म्हटली. पण नायक बोलत असताना तो आपला नुसता उभा, आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत. त्या दिवशी थिएटर थंड. मध्यंतरात नायक चिडून म्हणाला, "आज ऑडियन्सच भिकार आहे." आता, नायकाने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. माझं बोट ओळीवर होतं, त्यामुळे हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. वाक्यं तीच होती, जागा त्याच होत्या. ऐकणारा तेवढा बदलला होता.

तेव्हापासून सिनेमा असो की मालिका, मी विनोद विंगेतून बघते. आवडते सिनेमे दहा-दहा वेळा बघूनही ज्यांना कंटाळा येत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहून ठेवतेय. एकदा बघून विसरणाऱ्यांनी वाचली तरी चालेल, पण त्यांना माझं डोकं फिरलंय असं वाटण्याची शक्यता आहे.

आधी काहीच करू नका

पहिल्यांदा बघताना फक्त हसा. वही नको, थांबवून मागे जाणं नको, "हा कुठे पाहिलाय बरं" म्हणून मोबाइलमध्ये शोधणं तर मुळीच नको. विनोद पहिल्या वेळी फसवतो, आणि ती फसवणूक एकदाच मिळते. म्हणून माझ्या पद्धतीला लागतो तो आधीच पाहिलेला, आवडलेला सिनेमा किंवा भाग. न आवडलेल्या गोष्टीवर हा उद्योग करू नका. का आवडलं नाही याची कारणं शोधण्यात मला तरी रस नाही.

दुसऱ्या वेळी अख्खा सिनेमाही बघायचा नाही. तुम्हाला सगळ्यात जास्त हसवणारा एकच प्रसंग काढा. त्यात किमान दोन माणसं हवीत.

पुठ्ठा

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा कापा. मोबाइलवर बघत असाल तर अंगठा पुरे. प्रसंग सुरू करा आणि जो बोलतोय त्याच्यावर पुठ्ठा धरा. तो हलला की पुठ्ठा हलवा. आवाज चालू ठेवा. म्हणजे बोलणारा ऐकू येईल, पण दिसेल फक्त ऐकणारा.

शिकायला सगळ्यात सोपा प्रसंग 'प्यार किये जा'मधला. १९६६चा सिनेमा. मेहमूदला सिनेमा काढायचाय, कंपनीचं नावही ठरलंय, वाह वाह प्रॉडक्शन. पैसे मात्र वडिलांचे, म्हणजे ओम प्रकाशचे. तर तो वडिलांना समोर बसवून एका भयपटाची गोष्ट ऐकवतो. तोंडाने सगळे आवाज काढतो, अंगविक्षेप करतो, स्वतःच भूत होतो. या भूमिकेसाठी मेहमूदला फिल्मफेअर मिळालं, आणि तो प्रसंग आजही मेहमूदचा म्हणूनच ओळखला जातो.

आता मेहमूदवर पुठ्ठा धरा. उरतात एकटे ओम प्रकाश, खुर्चीत. सुरुवातीला चेहऱ्यावर बापाचा वैताग: कार्ट्याने आणखी काय काढलंय. मग एका आवाजाला मान किंचित वळते. वैताग अजून आहे, पण आता तो धरून ठेवलेला आहे, पडू नये म्हणून. त्यानंतर भीती येते, आणि गंमत अशी की ती आधी हातापायांत येते आणि चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी. बापाला मुलासमोर घाबरायचं नाहीये ना! मेहमूद जे करतो ते प्रचंड आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्या खुर्चीत कोणी नसतं, तर ती नुसती नकलांची मालिका झाली असती. ओम प्रकाश घाबरतात म्हणून तिथे भूत येतं.

हा प्रसंग मुळात १९६४च्या 'कादलिक्का नेरमिल्लै' या तमिळ सिनेमातला. दोन्ही सिनेमे श्रीधर यांचेच. तिथे गोष्ट सांगतो नागेश आणि ऐकतात टी. एस. बालय्या. तमिळचा एक शब्द कळत नसला तर उत्तम. बालय्यांना बघा आणि मग ओम प्रकाशना बघा. गोष्ट एकच, पण दोन बाप दोन वेगवेगळ्या रीतींनी खचतात. महेश कोठारेंचा 'धूमधडाका' (१९८५) याच कथेवर बेतलेला आहे. तोही काढून बघा, शरद तळवलकरांसाठी.

पुठ्ठ्याची सवय झाली की तिघांच्या प्रसंगाकडे वळा. त्यासाठी 'येस मिनिस्टर'सारखं दुसरं काही नाही. बीबीसीची मालिका, १९८० ते १९८४, आणि पुढे तेच तिघं 'येस, प्राइम मिनिस्टर'मध्ये, १९८६ ते १९८८. सचिव सर हम्फ्री म्हणजे नायजेल हॉथॉर्न. एखाद्या साध्या प्रश्नाचं उत्तर टाळायला असं वाक्य सुरू करतात की कर्ता कुठे गेला आणि क्रियापद कधी येणार याचा पत्ता नाही. सगळे चाहते ती वाक्यं पाठ करतात. माझ्या भावालाही येतात. मी त्याला म्हणते, "दादा, वाक्य तू म्हण, पण पुठ्ठा हम्फ्रीवर धर." मग दिसतात पॉल एडिंग्टन, मंत्री जिम हॅकर. एका वाक्यात त्यांचे चार चेहरे होतात. आधी कळतंय. मग कळतंय असं दाखवलं पाहिजे. मग कळत नाहीये, पण विचारणार कसं, आपण मंत्री. आणि शेवटी एक रिकामी, हताश नजर, जी थेट खाजगी सचिव बर्नार्डकडे जाते. बर्नार्ड, म्हणजे डेरेक फाउल्ड्स, त्या वेळी छताकडे नाहीतर कागदाकडे बघत असतो. दोन मालक असलेल्या माणसाने कुठे बघावं याचं पूर्ण शिक्षण त्या एका नजरेत आहे.

आता माझी जुनी तक्रार. हॉथॉर्न यांना या भूमिकेसाठी ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक, म्हणजे बाफ्टा, ४ वेळा मिळालं. चारही वेळा नामांकनात एडिंग्टनही होते. चारही वेळा बक्षीस बोलणाऱ्याला गेलं. हॉथॉर्न थोर नट होते, वाद नाही. पण तो चार वेळचा निकाल बघितला की मला आमचा तापाने फणफणलेला मुनीम आठवतो.

डोळे मिटून, मग कान झाकून

तोच प्रसंग आता पडद्याकडे पाठ करून ऐका. काही विनोद या परीक्षेत आणखी मोठे होतात. 'अशी ही बनवाबनवी'तलं "हा माझा बायको" घ्या. १९८८चा सिनेमा, दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, संवाद वसंत सबनीसांचे. साडीतला लक्ष्मीकांत बेर्डे डोळ्यांपुढे असला की आपण साडीला हसतो. पाठ केली की कळतं, सगळा विनोद 'ही'चा 'हा' होण्यात आहे. अशोक सराफांची जीभ खरं बोलून जाते आणि व्याकरण त्यांचं पितळ उघडं पाडतं. ज्या भाषेत सर्वनामाला आणि विशेषणाला लिंग नाही, तिथे या वाक्याचं काय करणार? तसंच त्या गाजलेल्या सत्तर रुपयांचं. पैसे बुडतात, खर्च होतात, गहाळ होतात. पण 'वारले'? ते क्रियापद आपण माणसांसाठी, तेही जरा आदराने वापरतो. पैशाला लावलं की रुपयांना एकदम नातेवाईक फुटतात. आणि हे सगळं सोसणारा घरमालक सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी! संतापाने आधी गाल फुगतात, शब्द मागाहून येतो. तो प्रसंग ऐकून झाला की लगेच पुठ्ठा लावून बघा. माझ्या यादीत सुधीर जोशींचा नंबर फार वरचा आहे, आणि त्यांच्या वाट्याला सिनेमात आली त्यापेक्षा कितीतरी अधिक कामं यायला हवी होती.

काही विनोदांत तर ऐकणं हेच सगळं काम असतं. बॉब न्यूहार्ट या अमेरिकन विनोदवीराची १९६०ची ध्वनिमुद्रिका आहे. त्यातले गाजलेले प्रवेश म्हणजे माणूस फोनवर बोलतोय, पलीकडचं काहीच ऐकू येत नाही. तो फक्त ऐकतो, अडखळतो, "हं... हं... काय म्हणालात?" इतकंच. पलीकडचा वेडेपणा आपण मनात रचायचा. त्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. पुढे १९७२ ते १९७८ मध्ये 'द बॉब न्यूहार्ट शो' आला आणि त्यात त्याला पेशा दिला मानसोपचाराचा. म्हणजे ऐकायचा पगार! ज्याने कोणी हे ठरवलं, त्याच्या डोक्याला माझा नमस्कार.

आता उलट करा. आवाज पूर्ण बंद. यात शब्दांवर जगणारे विनोद कोसळतात, कोसळू द्या. उभे राहतात ते अंगाचे विनोद. बस्टर कीटनच्या गाजलेल्या मूकपटांना तर आवाज नव्हताच. 'स्टीमबोट बिल, ज्युनियर' (१९२८) मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माळ्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्या अंगावरून जाते. भिंत खरी, जड, आणि माणूस खरा. उभं राहायची जागा इंचांत मोजून ठरवलेली. बहुतेक लोक भिंत बघतात. तुम्ही कीटनच्या तोंडाकडे बघा. त्यावर काही नाही. मी कीटनला वस्तूंचं ऐकणारा नट म्हणते. भिंत, आगगाडी, तोफ, वारा ही मंडळी बोलतात आणि हा निमूट ऐकून घेतो.

हसण्याचा आवाज कोणाचा?

टीव्ही मालिकांतलं मागून येणारं हसू हा चाहत्यांच्या भांडणाचा आवडता विषय. माझं मत मधलं आहे, आणि ते आधी सरसकट विरोधाचं होतं.

हसू दोन प्रकारचं. एक खरं. १९५१ साली सुरू झालेली 'आय लव्ह लुसी' समोर प्रेक्षक बसवून, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर टिपली जायची. छायाचित्रण कार्ल फ्रॉइंडचं, 'मेट्रोपोलिस' हा गाजलेला जर्मन मूकपट टिपणाऱ्यांपैकी एक. तिथे नट प्रेक्षकांचं हसू ऐकतात, ओसरेपर्यंत थांबतात आणि मग पुढचं वाक्य टाकतात. नाटकासारखंच. चॉकलेटच्या कारखान्यातला सरकता पट्टा, १९५२चा भाग. पट्टा वेग घेतो आणि लुसी आणि एथेल चॉकलेटं तोंडात, टोपीत, गळ्यात कोंबत सुटतात. ल्युसिल बॉलला सगळे बघतात. पुठ्ठा तिच्यावर धरा आणि एथेल झालेल्या व्हिव्हियन व्हान्सला बघा. लुसीला संकट आवडतं, एथेलला फक्त नोकरी टिकवायचीय. पुढे सहायक अभिनेत्रीसाठीचं पहिलंवहिलं एमी व्हान्सला मिळालं. कोणीतरी बघत होतं तर!

दुसरं हसू डब्यातलं. १९५०च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने एक यंत्रच बनवलं. कळ दाबली की खुदखुद, दुसरी दाबली की खोखो. या हसण्याचा मला राग यायचा, कारण ते ऐकणाऱ्याला वेळच देत नाही, वाक्य संपायच्या आत येऊन चेहरा झाकतं. पण 'मॅश' या मालिकेने (१९७२ ते १९८३) एक पाळलं. युद्धातल्या इस्पितळाची गोष्ट, वाहिनीला हसू हवंच होतं, तर शस्त्रक्रियेच्या खोलीत ते लावायचं नाही असं ठरलं. तिथेही विनोद होतात, हात रक्तात असताना होतात. पण हसायचं की नाही हे आपल्यावर. एक भाग निवडा आणि हसू कुठे थांबतं ते नुसतं टिपा.

'द ऑफिस'मध्ये, म्हणजे २००१च्या मूळ ब्रिटिश मालिकेत, हसू अजिबातच नाही. त्याऐवजी टिम, मार्टिन फ्रीमन, साहेबाचं काहीतरी ऐकून हळूच कॅमेऱ्याकडे बघतो. बस. लोकांना हे फार आधुनिक वाटलं. ऑलिव्हर हार्डी हेच १९२०च्या दशकापासून करत होता! स्टॅन लॉरेलने काही घोळ घातला की हार्डी ओरडण्याआधी आपल्याकडे बघतो. 'माझं नशीब बघताय ना' एवढंच त्या नजरेत. 'द म्युझिक बॉक्स' (१९३२) हा त्यांचा लघुपट, पियानोचं खोकं एका लांबलचक जिन्यावरून वर नेण्याचा. विनोदी लघुपटाचं पहिलं ऑस्कर त्याला मिळालं. खोकं घसरत खाली जातं तेव्हा खोक्याकडे बघू नका. ते कुठे जाणार आहे हे ठाऊक आहे. हार्डीकडे बघा.

चौकट कोणी निवडली?

ही खूण फार कामाची आहे, आणि कळली की सोडवत नाही. बोलणारा आणि ऐकणारा एकाच चौकटीत आहेत, की कॅमेरा आलटून पालटून दाखवतोय? एका चौकटीत असतील तर कोणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवता. आलटून पालटून असेल तर संकलक ठरवतो. वाईट विनोदी कार्यक्रमात एकच टोमणा होतो आणि चार जणांचे चेहरे चार वेळा, वर 'ढॅण्' असा आवाज. अशा एका कार्यक्रमाचं चित्रीकरण मी प्रत्यक्ष पाहिलंय. प्रतिक्रिया देणाऱ्यांनी संवाद ऐकलाच नव्हता. चेहरे आधी घेऊन ठेवले होते, एकगठ्ठा. त्या दिवशी घरी येऊन मी हृषीकेश मुखर्जींचा 'गोलमाल' (१९७९) लावला, तोंडाची कडू चव जावी म्हणून.

त्यात मुलाखतीचा प्रसंग आहे. भवानीशंकर, म्हणजे उत्पल दत्त, खेळबिळ करणाऱ्या तरुणांवर खार खाऊन आहेत, हे रामप्रसादला आधीच कळलंय. तेव्हा अमोल पालेकरांना फुटबॉलवेडा तरुण रंगवायचा आहे, जो फुटबॉल माहीत नसल्याचं सोंग करतोय. दत्त फासे टाकतात, पालेकर निरागसपणे ते चुकवतात. दोघांकडे आळीपाळीने पुठ्ठा धरावा लागतो, कारण इथे दोघेही ऐकतात. पालेकर सापळा ऐकतात. दत्त आपल्या मनातला आदर्श तरुण प्रत्यक्ष बोलताना ऐकतात आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत जातात. मिशी तर स्वतंत्र नट आहे. दत्तांना या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं. इथे मात्र बक्षीस ऐकणाऱ्याला गेलं, असं मी धरून चालते.

'साराभाई व्हर्सेस साराभाई' (२००४) एकदा सुमीत राघवनसाठी म्हणून बघा. रोसेश आईसाठी रचलेली कविता म्हणू लागला की सगळा प्रकाश राजेश कुमारवर असतो. साहिल, म्हणजे सुमीत, बाजूला उभा. त्याचा जबडा बघा.

वही

यादी करताना सिनेमांची नावं लिहू नका. नावांची यादी म्हणजे हजेरीपट. प्रसंग लिहा, आणि त्यात कोण ऐकतंय ते लिहा. माझ्या वहीत एका ओळीला एकच नोंद असते, अशी: 'हॅकर, वाक्य संपल्यावर, बर्नार्डकडे'. त्याहून जास्त लिहावं लागत असेल तर तो प्रसंग अजून नीट पाहिलेला नाही. आकडे, तारे, दहापैकी किती गुण, हे काही नको. दोन नोंदींत कुठली श्रेष्ठ, हा प्रश्न मला पडत नाही.

आणि दर काही वर्षांनी वही उघडून खोडाखोड करा. मी बरंच खोडलंय. तोतरं बोलणं, जाडेपणा, काळा रंग यांवरचे विनोद एके काळी मला हसवायचे, ते आता हसवत नाहीत, आणि का ते पुठ्ठ्यानेच दाखवलं. ज्याच्यावर विनोद चाललाय त्याच्याकडे बघायला गेलं की तिथे काही सापडतच नाही. त्याला चेहराच दिलेला नसतो, नुसतं उभं केलेलं असतं. याउलट 'फॉल्टी टॉवर्स', एका हॉटेलातली ब्रिटिश मालिका. १९७५ मध्ये ६ भाग, १९७९ मध्ये ६, एकूण बारा, आणि मग ती लिहिणारे जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ थांबले. त्यातला वेटर मॅन्युअल मार खातो, त्याच्या इंग्रजीची टर उडते. इथे मला दरवेळी अवघडल्यासारखं होतं. पण अँड्र्यू सॅक्सने, जो स्वतः लहानपणी नाझींच्या जर्मनीतून निसटून ब्रिटनमध्ये आला होता, मॅन्युअलला ऐकण्याची अशी काही जिद्द दिलीय की मालकच हळूहळू मूर्ख ठरत जातो. ती नोंद अजून वहीत आहे. समासात प्रश्नचिन्ह आहे.

दुसऱ्याला दाखवताना

इथे मी सपशेल आपटलेली आहे, म्हणून आधी काय करू नये ते सांगते. भाचीला 'द म्युझिक बॉक्स' दाखवायला बसवलं. दर मिनिटाला मी आपली, "आता बघ हं. आता. आता गंमत बघ." लघुपट संपला. ती गप्प.

"आवडला नाही का गं?"

"मावशी, मी पाहिलाच नाही. तू कधी हसतेस तेच बघत बसले होते."

यात तिची चूक काहीच नाही. ऐकणाऱ्याकडे बघायचं हे तिला माझ्याचकडून आलेलं, फक्त ऐकणारी मी होते. तेव्हा दाखवायचं तर शेजारी बसा, समोर नाही. वाक्य नटाच्या आधी म्हणू नका (दादा, हे तुला). एका बैठकीत एकच प्रसंग, आणि तो संपल्यावर स्वतःहून काही बोलू नका. समोरच्याला आवडला नाही तर पुठ्ठ्याची गोष्ट काढूच नका.

तिला पुढच्या वेळी मी 'जाने भी दो यारो' लावून दिला आणि आत जाऊन बसले. कुंदन शाहांचा पहिला सिनेमा, १९८३. शेवटचा महाभारताचा धुमाकूळ सगळ्यांना ठाऊक असतो. भाची अडकली ती त्याच्या आधीच्या जागी. रस्त्यात शवपेटी पडलीय, आत सतीश शाह, म्हणजे मेलेला कमिशनर डिमेलो. दारू प्यायलेला ओम पुरी तिथे येतो, पेटीला बंद पडलेली गाडी समजतो, आत बसलेल्या माणसाशी गप्पा मारतो, त्याला मदत देऊ करतो. प्रेत ऐकत राहतं. सतीश शाहांनी पुढच्याच वर्षी 'ये जो है जिंदगी'मध्ये दर भागात वेगळं सोंग वठवलं, त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. या सिनेमात त्यांनी मेलेल्या माणसाला एक स्वभाव दिलाय, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

आतून मला प्रसंग परत लावल्याचा आवाज आला. मग तिसऱ्यांदा. मग हाक.

"मावशी, पुठ्ठा कुठे ठेवलास?"

दिला. तिने तो ओम पुरीवर धरला. पडद्यावर उरलं फक्त प्रेत, मान एका बाजूला कललेली, कोणीतरी बोलतंय ते ऐकून घेणारं. ती हसत सुटली. वहीतली ती ओळ तिच्या अक्षरात आहे: 'डिमेलो, पेटीत, उत्तर द्यायला नकार'.